स्वस्त स्पोर्ट्स कारचा महाग हिशेब : माझदा आरएक्स-८ घेणाऱ्यांनी काय पाहावे?

जुने यंत्र विकत घेणे ही आपल्या व्यापारी आणि कारागीर मंडळींना नवी गोष्ट नाही. भिवंडी आणि मालेगावात कित्येक कारखान्यांची सुरुवात गिरण्यांनी मोडीत काढलेल्या जुन्या मागांवरच झाली. जुना माग घेताना अनुभवी मागवाला त्याच्या रंगाकडे पाहत नाही. तो माग चालवून पाहतो, आवाज ऐकतो, घासलेले भाग चाचपतो, सुटे भाग कोठे मिळतील आणि दुरुस्तीला जॉबर कोण मिळेल याची चौकशी करतो, आणि मगच भाव बोलतो. हाच माणूस मोटारगाडी घेताना मात्र रंग, चाके आणि आतील गाद्या पाहून सौदा करून बसतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, भाचे दुबई, शारजा, मस्कत, कुवेत येथे किंवा इंग्लंडमध्ये नोकरी-धंद्यासाठी आहेत. तेथे जुन्या स्पोर्ट्स कार साध्या गाडीच्या भावात मिळतात. तरुण पोराच्या हातात चार पैसे आले की त्याची नजर अशा गाडीवर जाते, मग घरी फोटो येतो आणि वडिलधाऱ्यांना विचारले जाते की घेऊ काय? अशा वेळी नुसते ‘घे’ किंवा ‘घेऊ नकोस’ म्हणून भागत नाही. म्हणून आजच्या लेखात अशा एका गाडीची तपशीलवार माहिती देत आहोत, जिची किंमत कमी आहे, रूप देखणे आहे आणि जिच्याबद्दल तक्रारीही पुष्कळ आहेत. ती गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची आरएक्स-८.

गाडीची ओळख

माझदा हे नाव आपल्याकडे ‘स्वराज माझदा’ या मालवाहू गाडीमुळे परिचित झाले. मूळ माझदा कंपनी जपानमधील हिरोशिमा शहरातली आहे. तेथेच २००३ ते २०१२ या काळात आरएक्स-८ तयार झाली. एकूण सुमारे १ लाख ९२ हजार गाड्या बनल्या. युरोपातील विक्री धुराच्या कडक नियमांमुळे २०१० मध्ये थांबली आणि जून २०१२ मध्ये उत्पादनच बंद झाले. म्हणजे आज बाजारात जी आरएक्स-८ मिळेल ती जुनीच असणार, हे प्रथम लक्षात घ्यावे.

गाडी चार आसनांची आहे. मागचे दोन छोटे दरवाजे उलट्या बाजूला, म्हणजे कपाटाच्या दोन पाटांप्रमाणे समोरासमोर उघडतात आणि मध्ये खांब नाही. स्पोर्ट्स कार असूनही मागे मुले बसू शकतात, म्हणून कुटुंबवाल्यांनाही ती आवडली. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळजवळ सारखे वाटलेले असल्याने वळणावर गाडी हाताबाहेर जात नाही. इथपर्यंत सारे ठीक आहे. खरा प्रश्न बॉनेटखाली आहे, कारण या गाडीचे इंजिन इतर गाड्यांसारखे नाही.

पिस्टन नसलेले इंजिन

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँक फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडझाप करतात. आरएक्स-८ च्या इंजिनात यातले काहीच नाही. पिस्टनच्या जागी तीन बाजूंचा, फुगीर त्रिकोणासारखा एक लोखंडी ठोकळा असतो. त्याला रोटर म्हणतात. हा रोटर मध्ये किंचित आवळलेल्या लांबट घरात फिरतो. त्याची तिन्ही टोके घराच्या भिंतीला सतत चिकटून सरकतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात आणि रोटर फिरेल तसे हे कप्पे लहान-मोठे होत जातात. एका कप्प्यात पेट्रोल-हवा आत ओढली जाते, दुसऱ्यात दाबली जाऊन पेटते, तिसऱ्यातून धूर बाहेर जातो. पिस्टनच्या इंजिनातील चारही क्रिया येथे एकाच घरात, एका पाठोपाठ एक होत असतात.

आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर आहेत. प्रत्येकाचा हिशेब ६५४ सीसी, म्हणजे एकूण १३०८ सीसी. आपल्याकडच्या साध्या घरगुती गाडीएवढे हे इंजिन, पण सहा गिअरच्या मॉडेलमध्ये युरोपच्या मापाने २३१ अश्वशक्ती देते आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जाते. पाच गिअरच्या साध्या मॉडेलची शक्ती १९२ आहे. मधला दांडा तीन फेरे घेतो तेव्हा रोटर एक फेरा पुरा करतो. म्हणजे काट्यावर ९००० दिसले तरी रोटर ३००० नेच फिरत असतो. वर-खाली आपटणारा भाग नसल्यामुळे इंजिन एवढ्या वेगालाही शिवणयंत्रासारखे गुळगुळीत चालते. २००३ मध्ये या इंजिनाला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा मानही मिळाला.

दुखणे कोठे आहे?

इंजेक्शनच्या सिरिंजमधला रबरी दट्ट्या झिजला की औषध मागे गळते, दाब बसत नाही. रोटरी इंजिनाचेही तसेच आहे. रोटरच्या प्रत्येक टोकावर एक पातळ पट्टी बसवलेली असते. तिला अपेक्स सील म्हणतात. खालून छोटी स्प्रिंग तिला भिंतीकडे रेटते. दोन रोटर, सहा टोके, सहा पट्ट्या. रोटरच्या अंगालाही अशाच बारीक सील असतात. या सील धड असतील तोवर कप्प्यात दाब राहतो. त्या झिजल्या, अडकल्या किंवा तुटल्या की एका कप्प्यातला दाब दुसऱ्यात गळतो, आणि मग बाकी गाडी कितीही नवी दिसत असली तरी तिच्यात जीव राहत नाही. या दाबालाच मेकॅनिक ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. या लेखातील पुढच्या साऱ्या गोष्टी याच एका शब्दाभोवती फिरतात.

सीलचे हे दुखणे जुने आहे. जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीने पहिले रोटरी इंजिन १९५७ मध्ये चालवून दाखवले. १९६७ मध्ये तिने रो ८० ही गाडी काढली. गाडीला १९६८ चा ‘कार ऑफ द इयर’ सन्मान मिळाला, पण सील लवकर झिजू लागल्या. गॅरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनी जेरीस आली आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या गोटात विलीन झाली. माल उत्तम, नाव उत्तम, पण एका पट्टीने पेढी बसवली. व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

माझदाने एनएसयूकडून परवाना १९६१ मध्ये घेतला. तिलाही हाच त्रास झाला. सील थरथरल्यामुळे घराच्या भिंतीवर ओरखडे उठत. तेथील कारागिरांनी त्यांना ‘सैतानाची नखे’ असे नाव ठेवले होते. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर या एका प्रश्नावर बसले. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची सील काढून त्यांनी तो सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आणली. हेच यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. १९९१ मध्ये फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत माझदाने चार रोटरच्या ७८७बी गाडीने जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. तेव्हा हे इंजिन मुळातच टाकाऊ आहे असे म्हणणे बरोबर नाही. त्याची निगा वेगळी आहे आणि ती न केल्यास ते माफ करत नाही, एवढेच.

मालकाने पाळायच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, तेल. सील भिंतीवर कोरड्या घासू नयेत म्हणून हे इंजिन आपल्याच टाकीतले ऑइल थोडे थोडे आत सोडते आणि पेट्रोलबरोबर जाळते. ही त्याची रचनाच आहे, बिघाड नाही. माग चालतो तोवर त्याला तेल द्यावेच लागते, तसेच हे. सर्वसाधारणपणे दीड-दोन हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल जाते, असे धरून चालावे. नेहमीच्या गाडीची सवय असलेला माणूस सर्व्हिसिंगच्या वेळीच ऑइल पाहतो आणि मधल्या काळात पातळी केव्हा उतरली ते त्याला कळत नाही. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून पाहावी आणि डिकीत एक लिटरचा डबा कायम ठेवावा. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे आणि ८ हजार किलोमीटरच्या आत संपूर्ण बदलावे. एखादी आरएक्स-८ अजिबात ऑइल खात नाही, असे विकणारा अभिमानाने सांगत असेल तर ती खुशीची बाब समजू नये. ऑइल आत सोडणारा पंप किंवा त्याच्या नळ्या नीट काम करतात की नाही, ते तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट, थंड इंजिन लगेच बंद करू नये. गाडी सकाळी सुरू केली, फाटकातून काढून दहा पावले पुढे लावली आणि बंद केली, एवढ्याने ही गाडी अडून बसू शकते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त सोडले जाते. ते जळण्याआधीच इंजिन बंद झाले की आत साचते, भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि प्लग ओले करते. तेल गेले की सीलचा दाब बसत नाही आणि पुढच्या वेळी सेल्फ कितीही मारला तरी गाडी उचलत नाही. म्हणून एकदा सुरू केली की काटा मध्यावर येईपर्यंत चालू द्यावी. नाइलाजाने लवकर बंद करावीच लागली तर जाणकार मालक दहा-पंधरा सेकंद सुमारे ३००० ची रेस देऊन, रेस खाली आल्यावर बंद करतात.

तिसरी गोष्ट, प्लग आणि इग्निशन कॉइल. प्रत्येक रोटरला दोन म्हणजे एकूण चार प्लग आणि चार कॉइल आहेत. कॉइल हा या गाडीचा कच्चा दुवा आहे. ती हळूहळू कमजोर होते, ठिणगी बारीक पडते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते. कन्व्हर्टरची जाळी वितळते आणि चोंदते. धुराला वाट मिळाली नाही की उष्णता मागे इंजिनावर येते आणि शेवटी सील जातात. एका स्वस्त कॉइलने सुरू झालेली साखळी अशी इंजिनापर्यंत पोचते. म्हणून ५० हजार किलोमीटरच्या आत चारही कॉइल आणि चारही प्लग बदलावेत, बिघडण्याची वाट पाहू नये. वरचे आणि खालचे प्लग वेगवेगळ्या जातीचे असतात. ते अदलाबदल झाले नाहीत ना, एवढे मेकॅनिकला बजावून सांगावे.

चौथी गोष्ट, गाडी तापल्यावर अधूनमधून मोकळी चालवावी. बाजारात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीत काजळी साचते, सीलच्या खाचा भरतात आणि हवा सोडणाऱ्या झडपा चिकटतात. आठवड्यातून एक-दोनदा हायवेवर, इंजिन पूर्ण तापल्यानंतर, कायद्याच्या वेगात राहूनच खालच्या गिअरमध्ये फेऱ्या वर नेल्या तर काजळी झडते. थंड इंजिनाला मात्र जोराची रेस कधीही देऊ नये.

बिघाड ओळखावा कसा?

*गाडी सुरूच होत नाही, पेट्रोलचा वास येतो.* थंडीत बंद केल्यामुळे पेट्रोल साचले आहे, असे समजावे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. पूर्ण दाबलेल्या स्थितीत सेल्फ मारताना पेट्रोलचा पुरवठा थांबतो आणि आतले पेट्रोल बाहेर फेकले जाते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये थोडा वेळ थांबावे. तरीही उचलली नाही तर मेकॅनिकला बोलवावे. तो प्लग काढून वाळवतो, पेट्रोल पंप आणि कॉइलची जोडणी तोडून इंजिन फिरवतो आणि आत थोडे ऑइल सोडतो, म्हणजे सील पुन्हा धरतात. प्लगच्या भोकांतून पेट्रोल उडते, म्हणून जवळ विडी-सिगारेट किंवा उघडी वायर नको. गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करू नये. तसे केल्यास कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते.

*थंडीत सुरू होते, तापल्यावर होत नाही.* हे लक्षण सर्वांत गंभीर. थंड असताना आतले ऑइल सीलला आधार देते, तापल्यावर ते पातळ होते आणि झिजलेली सील उघडी पडते. बॅटरी आणि सेल्फ जोरदार असूनही हेच होत असेल तर कॉम्प्रेशन उतरले आहे, असे धरावे. सेल्फ मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि सेल्फ पाहावेत. सुरुवातीच्या गाड्यांचा सेल्फ मंद फिरणारा होता. पुढे कंपनीने जास्त वेगाचा सेल्फ काढला. तो बसवला तर थोडा काळ निभावते, पण झिजलेली सील त्याने बरी होत नाही.

*गाडी झटके मारते, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो.* एखादी ठिणगी चुकते आहे. दिवा लुकलुकत असताना गाडी पळवू नये, कारण त्याच वेळी कन्व्हर्टर जळत असतो. कॉम्प्युटर लावल्यावर पी ०३०१ असा कोड आला तर पुढचा रोटर, पी ०३०२ आला तर मागचा. बहुतेक वेळा कॉइल किंवा प्लग निघतो.

*वरच्या फेऱ्यांत ताकद नाही, खालून भट्टीसारखी धग येते.* कुजलेल्या अंड्यासारखा वासही येत असेल तर कन्व्हर्टर चोंदला असण्याची शक्यता जास्त. तो बदलताना कॉइल तपासल्या नाहीत तर नवा कन्व्हर्टरही जातो. धग आणि वास नसताना नुसती वरची ताकद कमी असेल तर हवेच्या झडपा काजळीने अडकल्या आहेत का ते पाहावे.

*पाणी कमी होते.* कूलंटची प्लॅस्टिकची टाकी जुनी झाल्यावर तडकते. आखाती उन्हात प्लॅस्टिक लवकर कडक होते. येथे एक धोका आहे. या गाडीचा तापमानाचा काटा बराच काळ मध्यावरच थांबून राहतो. तो वर सरकलेला दिसेल तेव्हा इंजिन आधीच फार तापलेले असते. एकदा जबर तापले की आतली पाण्याची सील जाते आणि इंजिन खोलावे लागते. म्हणून काट्यावर भरवसा न ठेवता, इंजिन थंड असताना, दर आठवड्याला टाकीतली पातळी डोळ्यांनी पाहावी. काही मालक वेगळे गेज बसवून घेतात, तेही चांगले.

*क्लचचे पायडल करकरते किंवा खोल जाते.* पायडल धरणारा ब्रॅकेट काही गाड्यांत तडकतो. खर्च किरकोळ आहे, पण रस्त्यात तुटला तर गिअर पडत नाही. वेळीच बदलावा.

घेण्यापूर्वीची खातरजमा

या गाडीच्या बाबतीत एक नियम ठरवून घ्यावा. कॉम्प्रेशनचा लेखी रिपोर्ट पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

ही तपासणी साध्या गेजने होत नाही. पिस्टनच्या गाडीचे गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवते आणि झिजलेली बाजू लपून राहते. रोटरी इंजिनासाठी वेगळे यंत्र असते. ते प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे, म्हणजे एकूण सहा आकडे देते. इंजिन तापलेले असावे आणि सेल्फने मिनिटाला २५० फेऱ्यांचा हिशेब धरून आकडे दुरुस्त केलेले असावेत. कंपनीच्या मापाप्रमाणे ८.५ हा नव्या इंजिनाचा आकडा आहे आणि ६.९ ही खालची हद्द. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम या हिशेबाने आहेत. एका रोटरच्या तीन बाजूंमध्ये १.५ पेक्षा आणि दोन रोटरमध्ये १ पेक्षा जास्त फरक नको. सहाही आकडे ६.९ च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर पुढे बोलावे. एक आकडा जरी खाली असेल तरी इंजिनचे काम निघाले आहे, असे समजून भाव करावा किंवा उठून यावे.

रिपोर्ट आधी मिळत नसेल तर निदान एवढे करावे. विकणाऱ्याला सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आपल्यासमोर थंड इंजिन सुरू करायला लावावे, अर्धा तास चालवावे, बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सेल्फ मारावा. तापलेली गाडी पहिल्याच सेल्फला उचलली पाहिजे. हा तपास रिपोर्टची जागा घेत नाही, पण साफ बसलेली गाडी यात उघडी पडते. त्यानंतर डिपस्टिक, कूलंटची टाकी, कॉइल केव्हा बदलल्या त्याची पावती, क्लच, आणि इंग्लंडमधली गाडी असेल तर दारांखालचा आणि चाकांवरचा गंज पाहावा. तेथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खाते.

अमेरिकेत तक्रारी वाढल्यावर कंपनीने २००४ ते २००८ या मॉडेलांच्या इंजिनाची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती मुदत केव्हाच संपली आहे. तिचा उपयोग आता एवढाच, की काही गाड्यांना त्या काळात कंपनीकडून इंजिन बदलून मिळाले. ‘इंजिन बदललेले आहे’ असे कोणी म्हणाले तर कोणत्या साली, किती किलोमीटरवर आणि कोणाकडून, याची पावती मागावी. २००८-०९ मध्ये सुधारलेले मॉडेल आले. त्यात सीलला तेल देण्याची व्यवस्था आधीपेक्षा चांगली केली आहे. भावात थोडा फरक असेल तर हेच मॉडेल पाहावे.

नफा-तोट्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही गाडी स्वस्त का मिळते? कारण बाजाराने इंजिनाच्या पुढच्या खर्चाची रक्कम किमतीतून आधीच वजा केलेली असते. रोटरी इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचा खर्च पुष्कळदा गाडीच्या खरेदीइतका किंवा त्याहून जास्त होतो. शिवाय ते काम कोणत्याही गॅरेजचे नव्हे. ज्याने अशी इंजिने हाताने बांधली आहेत, तोच कारागीर लागतो आणि तो आपल्या हुन्नराचे दाम घेतो. म्हणून राहत्या शहरात असा मेकॅनिक आहे की नाही, ही चौकशी गाडी शोधण्याआधी करावी.

रोजचा खर्चही धरावा. एका लिटरला ७ ते ९ किलोमीटर एवढेच ॲव्हरेज मिळते आणि पेट्रोल ९५ ऑक्टेनचे लागते. त्यावर ऑइल वेगळे. इंग्लंडमध्ये धुराच्या प्रमाणावर रोड टॅक्स बसतो. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदणी झालेल्या गाडीला त्यात सवलतीची पट्टी लागते, त्यानंतरच्या गाडीला सर्वांत वरची. म्हणजे त्या तारखेच्या दोन बाजूंच्या एकसारख्या दोन गाड्यांचा वार्षिक खर्च वेगळा पडतो. नोंदणीची तारीख पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये.

आमचा सरळ सल्ला असा आहे. गाडीच्या किमतीएवढी दुसरी रक्कम इंजिनासाठी बाजूला ठेवता येत असेल, कामावर जायला दुसरी साधी गाडी असेल आणि दर आठवड्याला दहा मिनिटे बॉनेट उघडून पाहण्याची सवय असेल, तर आरएक्स-८ घ्यायला हरकत नाही. तिच्यासारखे वळणारी आणि फिरणारी गाडी त्या भावात मिळणे कठीण. पण ज्याची पहिलीच गाडी असेल, रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील आणि घरी पैसे पाठवण्याची जबाबदारी असेल, त्याने हा सौदा करू नये. त्याच्यासाठी ही गाडी फुकट मिळाली तरी महाग आहे.

गाडी इकडे आणण्याचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. आपल्या आयात नियमांप्रमाणे जुनी गाडी बनवल्यापासून तीन वर्षांपेक्षा जास्त जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला लागते. आखातातील गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, आणि शेवटची आरएक्स-८ २०१२ ची. कोणी एजंट ‘कागदपत्रे करून देतो’ म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत. परत येण्याच्या वेळी गाडी तेथेच विकावी लागणार, हे धरूनच घ्यावी.

विकण्याची वेळ आली की आपणही त्याच नियमाने वागावे. कॉम्प्रेशनचा ताजा रिपोर्ट, ऑइल आणि कॉइलच्या पावत्या आणि असेल तो ऐब गिऱ्हाइकापुढे मांडावा. कापडाच्या धंद्यात थानातला डाग दाखवून विकलेला माल कमी भावाने जातो, पण परत येत नाही. या गाडीच्या बाजारात तर कागदपत्रे असलेल्या गाडीला भावही जास्तच मिळतो, कारण घेणाऱ्याला नेमकी त्याचीच भीती असते.

माझदाने रोटरी इंजिन सोडून दिलेले नाही. २०२३ मध्ये तिने एमएक्स-३० या विजेवरच्या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर बसवला. तेथे तो चाके फिरवत नाही, बॅटरी भरण्यासाठी जनरेटर चालवतो. त्यामुळे हे काम जाणणाऱ्या मेकॅनिकची गरज पुढेही राहणार आहे. आखातात गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांनी कॉम्प्रेशनचे यंत्र वापरणे आणि सील बसवणे शिकून घेतले तर गाडी घेण्यापेक्षा त्यांचा फायदा त्यातच अधिक होईल.